मागचं ऑइल सील पुन्हा पुन्हा जातंय आणि घाटात ब्रेक लागत नाही

मागच्या डाव्या रिमवर आतून काळा ओघळ. भुईबावडा घाट उतरून खाली आलं की पुढच्या चाकांना करपल्याचा वास. ब्रेकचं पेडल पहिल्या चार-पाच वळणांना ठीक, नंतर मात्र पायाखाली मऊ पडत जाणार. हँडब्रेक ओढून चढावर गाडी लावली, तर चाकाखाली दगड ठेवल्याशिवाय बाजूला व्हायची छाती नाही. या चारही तक्रारी ज्याच्या फोर बाय फोर पिकअपला एकदमच आहेत आणि जो नवीन ॲक्सल किंवा मागच्या डिस्कचा किट घ्यायच्या विचारात आहे, त्याने आधी हे वाचावं. मी दीड वर्ष आणि तीन सीलं (ॲक्सलमधलं तेल शाफ्टच्या कडेने बाहेर येऊ न देणारं रबरी कडं) घालवून शिकलोय.

गाडी डबल कॅब आहे, दहा वर्षं जुनी. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नाही, माझ्या हौसेचा आहे. कोल्हापुरात राहतो, शेत गगनबावड्याच्या बाजूला. रस्ता सोडला की तांबडी माती, मग ओढा, मग पुन्हा चढ. जून ते ऑक्टोबर ओढ्याचं पाणी हबच्या वर असतं. हौस म्हणून गाडी २ इंच उचलून घेतली, म्हणजे लिफ्ट केली, मूळचे २४५/७० आर १६ टायर काढून २६५/७५ आर १६ घातले, आणि टायर पाट्याला घासायला लागला म्हणून मागे ३० मिलिमीटरचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या) टाकले. त्यानंतर चार महिन्यांत पहिलं सील गेलं. दोन्हींचा काही संबंध असेल हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मिस्त्री म्हणाला, "सील बदलूया की साहेब, हजार-दीड हजाराचं काम." बदललं. साडेतीन हजार किलोमीटरला परत ओघळ. मग सील आणि बेअरिंग दोन्ही बदलली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कंपनीचं सील मागवलं, तेही दुसऱ्या पावसाळ्यात गेलं. दर वेळी ब्रेक लायनर तेलाने भिजलेले, दर वेळी नवीन. शेवटी ऑफरोडवाल्या मित्रांनी एकमुखाने सांगितलं की ॲक्सल हलका पडतोय, जड ॲक्सल टाक आणि मागे डिस्क कर. कोटेशन आलं, आकडा बघून बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मी थांबलो आणि पहिल्यापासून एकेक गोष्ट तपासायला बसलो.

पहिलं काम म्हणजे ड्रममध्ये आलेलं तेल नेमकं कुठलं आहे हे ठरवणं. हसू नका. माझ्या ओळखीच्या एकाने दोनदा ॲक्सल सील बदललं आणि गळत होता व्हील सिलेंडर, म्हणजे ड्रमच्या आत ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर बाहेर ढकलणारा छोटा सिलेंडर. ड्रम काढा, ओल बोटावर घ्या. गियर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा ओळखला की विसरत नाही. ब्रेक ऑइल पातळ असतं. तरी शंका वाटली तर वाटीभर पाण्यात थोडं टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, गियर ऑइल वर तरंगतं. ब्रेक ऑइल निघालं तर व्हील सिलेंडर बघा, पुढचं अर्धं लिखाण तुमच्यासाठी नाही. आणि ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. पाणी मारून, ओल्या फडक्याने पुसा.

माझ्याकडे गियर ऑइलच होतं. म्हणजे सील. पण तीन सीलं एकापाठोपाठ खराब निघतात यावर विश्वास बसेना. उद्यमनगरात एक म्हातारे लेथवाले आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्याकडे शाफ्ट घेऊन गेलो तर शाफ्टला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "ब्रीदर बघितलास काय रे?"

नव्हता बघितला. कुणीच बघितला नव्हता.

ॲक्सलच्या नळीवर, डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या गियरच्या गोळ्याच्या) जवळ वरच्या बाजूला एक छोटं टोपीवालं निपल असतं, तोच ब्रीदर. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर जायची. माझ्या गाडीचं निपल तांबड्या चिखलाने असं बंद झालं होतं की टोपी फिरतसुद्धा नव्हती. आता हिशेब बघा. ३० अंशांवर असलेला ॲक्सल लांब चढावर ९० अंशांपर्यंत गेला आणि हवेला बाहेर पडायला जागा नसेल, तर आतला दाब साधारण २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे जवळपास ३ पीएसआय. टायरच्या मानाने किरकोळ. पण सीलचा ओठ शाफ्टवर बसतो तो तेल बाहेर उडू नये म्हणून. सतत आतून रेटा यावा अशी त्याची रचना नाही. वाट दिसेल तिथून तेल बाहेर येणार, आणि बाहेर आल्यावर त्याला जायला जागा एकच, ब्रेक ड्रम.

ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी ओढ्यात घडते. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा झटकन आकसते आणि ॲक्सल श्वास आत ओढायला लागतो. ब्रीदर बंद, मग सीलच्या कडेने पाणी आत. डिफचा ड्रेन बोल्ट काढला तेव्हा तेल बाहेर आलं ते दुधाच्या कॉफीच्या रंगाचं. तुमचं तेल तसं दिसलं तर पाणी गेलंय, दुसरं काही समजू नका. ते ऑइल काढून टाका, नवीन भरून शे-दोनशे किलोमीटर चालवा, आणि पुन्हा एकदा बदला. मी ८० डब्ल्यू ९० जीएल-५ भरलं. लिमिटेड स्लिपवाला डिफ असेल तर त्याला वेगळं ॲडिटिव्ह लागतं, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

ब्रीदरचा इलाज शंभर-दोनशे रुपयांत होतो. निपल काढून साफ करायचं, त्याच्या मापाची तेल सोसणारी रबरी नळी लावायची आणि ती चॅसिसवरून वर, मागच्या दिव्याच्या आत नेऊन तिथे छोटा फिल्टर लावून टोक खाली वळवायचं. पाणी हौद्याच्या पातळीला येईपर्यंत काही होत नाही. एक खबरदारी: चाक पूर्ण खाली लटकलं की ॲक्सल चॅसिसपासून बराच लांब जातो, म्हणून नळीला ढील ठेवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात निपलवरून निसटेल. पुढच्या ॲक्सललाही तसाच ब्रीदर असतो. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसलाही (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा). हात लागलाच आहे तर चारही बघून घ्या.

ब्रीदर झाल्यावर मामांनी शाफ्ट हातात घेतला. सीलचा ओठ बसतो त्या जागी नख फिरवलं तर नख अडकलं. तीन सीलांनी आणि आत गेलेल्या चिखलाने तिथे बारीक खाच पाडली होती. त्या खाचेवर कितीही महागडं सील बसवा, गळणारच. पातळ स्टीलची स्लीव्ह ठोकून काम होतं, नाहीतर सील एखाद-दुसरा मिलिमीटर आत-बाहेर सरकवून ओठ ताज्या जागेवर आणायचा, हौसिंगमध्ये तेवढी जागा असेल तर. माझ्या शाफ्टला स्लीव्ह बसवली. मग मामांनी दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावला. शाफ्ट सरळ निघाला, ही देवाची कृपा. तो वाकलेला असता तर सीलचा ओठ प्रत्येक फेऱ्याला एका बाजूने दबला असता आणि चौथं सीलही गेलंच असतं. उड्या मारणाऱ्यांनी हौसिंगची नळी सरळ आहे का तेही बघून घ्यावं.

सील बसवताना हातोडीने एका बाजूला ठोकू नका. मापाचा पाइप किंवा जुनं बेअरिंग वर ठेवून सरळ दाबा, आणि ओठाला आधी तेल लावा. कोरडं सील पहिल्या किलोमीटरलाच जळतं. माझं दुसरं सील तसंच गेलं असावं, कारण काढलं तेव्हा ओठ एका बाजूने कडक झाला होता.

आता स्पेसर. बहुतेक हलक्या पिकअपचा मागचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग असतो, म्हणजे एकच शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. टोकाला एकच बेअरिंग. त्या बेअरिंगपासून टायरच्या मध्यापर्यंत मुळात काही सेंटिमीटरच अंतर असतं. मी त्यात ३ सेंटिमीटर वाढवले होते, वर जड टायर. तरफ लांबली, बेअरिंगवरचा ताण वाढला, बेअरिंग ढिलं पडलं की शाफ्ट हलतो आणि शाफ्ट हलला की सील गेलं. दुसऱ्या सीलबरोबर बदललेलं बेअरिंग सहा महिन्यांत खडखडायला लागलं त्याचं कारण हे. जॅकवर चाक उचलून वर-खाली हलवलं तर टिकटिक ऐकू येत होती. स्पेसर काढले, टायर पाट्याला घासू नये म्हणून योग्य ऑफसेटचे रिम घेतले. ते महाग पडले, पण घ्यायचेच होते तर पहिल्यांदाच घ्यायला हवे होते.

फुल-फ्लोटिंग ॲक्सल कसा असतो ते बघायचं असेल तर स्टँडवर उभ्या एसटीचं मागचं चाक बघा. मध्यभागी बाहेर आलेला हब आणि त्यावर गोलाकार बोल्ट. ते बोल्ट शाफ्टच्या टोपीचे. वजन हब आणि त्यातली दोन बेअरिंगं पेलतात, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो, चाक न काढता बाहेर ओढता येतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट टोकाशी तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. अमेरिकेत जड पिकअपना मागे फुल-फ्लोटिंग ॲक्सल असतो आणि हलक्यांना सेमी-फ्लोटिंग, ते याच हिशेबाने. रोज दीड टन माल आणि ३५ इंची टायर असतील तर तो विचार करा. मी शेतावर कधी शेणखत, कधी पाइप, वर्षातून दोनदा ऊस घेऊन जातो. मला गरज नव्हती.

इथपर्यंत सील थांबलं. ब्रेक मात्र सुधारला नव्हता, आणि मी गाफील राहिलो तो इथेच. सगळ्यांना वाटत होतं, मला सुद्धा, की तेलाने भिजलेल्या लायनरमुळेच ब्रेक कमी आहेत. दोन्ही बाजूंना नवे लायनर टाकले (भिजलेले पेट्रोलने धुऊन परत बसवू नका, तापले की आतलं तेल पुन्हा वर येतं, आणि एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढते). ड्रम कोरडा. तरी घाटात पेडल मऊ.

भाच्याकडून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. घाट उतरून खाली थांबलो आणि चारही चाकं मोजली. पुढच्या डिस्क २८० च्या आसपास, मागचे ड्रम ८५. चकचकीत डिस्कवर हे यंत्र कमी आकडा दाखवतं, म्हणजे खरी तफावत याहून मोठीच. मागचे ब्रेक जवळपास सुटीवर होते. मग जुनी बिलं काढली. पुढचे पॅड १७ हजार किलोमीटरमध्ये गेलेले, मागचे लायनर तेलाने मेले होते, झिजून नव्हे.

कारण चॅसिस आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये आडवं टांगलेलं होतं. त्याला लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह म्हणतात, कामगार एलएसपीव्ही म्हणतात. व्हॉल्व्ह चॅसिसवर, त्याची दांडी ॲक्सलला. हौद्यात माल भरला की पाटे दबतात, दांडी वर जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दांडी खाली, मागचा दाब कमी, कारण रिकाम्या पिकअपची मागची चाकं ओल्या रस्त्यावर लगेच लॉक होतात. मी गाडी २ इंच, म्हणजे ५० मिलिमीटर उचलली होती. व्हॉल्व्हच्या दृष्टीने गाडी कायमची रिकामी, नव्हे, रिकामीपेक्षाही रिकामी. अर्धा टन शेणखत भरलं तरी त्याला पत्ता नाही. सगळा भार पुढच्या डिस्कवर.

पुढच्या डिस्कला किती भार? साडेतेवीसशे-चोवीसशे किलोची गाडी ५०० मीटर उंची उतरली असं धरा. तेवढ्या ऊर्जेत ३५ लिटर थंड पाणी उकळीला येईल. इंजिनने त्यातला बराचसा वाटा उचलला नाही तर तो सगळा ब्रेकमध्ये जातो, आणि माझ्या बाबतीत दोनच चाकांमध्ये. वर मोठे टायर: २४५/७० चा व्यास साधारण ७५० मिलिमीटर, २६५/७५ चा ८०४. तेवढ्याच पेडलला गाडी थांबवणारा जोर सात टक्क्यांनी कमी. शिवाय स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ ला पळत असते.

दुरुस्ती: लिफ्ट जितकी, तितकं दांडीचं खालचं टोक वर घ्यायला ब्रॅकेट बनवलं, म्हणजे दांडीचा मूळचा कोन परत आला. काही लिफ्ट किटमध्ये हे ब्रॅकेट येतं, माझ्या किटमध्ये नव्हतं, आणि बसवणाऱ्यानेही विचारलं नाही. एका गॅरेजने सोपा उपाय सांगितला होता, दांडी तारेने वर बांधून टाक, मागे फुल्ल ब्रेक. हे करू नका. पावसात, रिकाम्या हौद्याने, वळणावर मागची चाकं लॉक झाली की गाडी शेपटीकडून पुढे येते. व्हॉल्व्ह गंजून अडकलाय का हेही बघा, दांडी हाताने हलली पाहिजे. तुमच्या गाडीत ईबीडी (ब्रेकचा दाब इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाटणारी यंत्रणा) असेल तर हा व्हॉल्व्ह कदाचित नसेलच.

त्यानंतर तीन छोटी कामं केली. ड्रममधला आपोआप ॲडजस्ट होणारा स्टार (दातेरी चक्री) चिखलाने जाम होता, म्हणून शू (ज्यांवर लायनर बसतो त्या कमानी) ड्रमपासून लांब आणि हँडब्रेक ढिला. तो साफ करून, शू हलके घासेपर्यंत फिरवून थोडा मागे घेतला. चढावरच्या दगडाची नोकरी गेली. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, व्हर्नियरने मोजून बघा, त्याच्या पुढे गेला असेल तर घासून घेण्यात अर्थ नाही. लिफ्टनंतर ब्रेकच्या रबरी नळ्या तपासल्या, चाक पूर्ण लटकलं की पुढची डावी नळी ताणली जात होती, ती लांब घेतली.

पेडलचं मऊपण मात्र ऑइलचं होतं. इथे एक फरक लक्षात ठेवा. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड गेलीय. पेडल मऊ होऊन खाली जातंय आणि गाडी थंड झाली की परत नीट होतंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, आणि गगनबावड्याच्या हवेत पाण्याला तोटा नाही. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ अंश, पाणी प्यायल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. माझ्यात चार वर्षांचं डॉट ३ होतं, रंग चहासारखा. सगळं काढून डॉट ४ भरलं, आता दर दोन वर्षांनी पावसाळा संपल्यावर बदलतो. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळं असतं, ते यात मिसळत नाही. हवा काढताना एलएसपीव्हीला स्वतःचा निपल आहे का बघा, असेल तर तो विसरला की पेडल कधीच घट्ट होत नाही.

मागच्या डिस्कचं कोटेशन अजून ड्रॉवरमध्ये आहे. केलं नाही, आणि करणार नाही असं वाटतं. डिस्क किटबरोबर मास्टर सिलेंडरचं माप, हँडब्रेकची वेगळी सोय आणि पुढे-मागे दाबाची वाटणी हे तिन्ही नव्याने जुळवावं लागतं, आणि चढावर उभ्या गाडीला धरून ठेवायला साधा ड्रम उत्तम. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात दिलेला निकाल, दोन्हींचा अर्थ असा की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायची नाही. अपघात झाला तर विमा कंपनी ॲक्सलच बघेल. माझ्या लिफ्टबद्दल मी स्वतः आरटीओत छाती काढून बोलू शकत नाही, हे मान्य.

पैसे घातले ते पुढे: चांगल्या दर्जाचे पॅड, नवीन डिस्क. आणि उतरायची सवय बदलली. घाटात डांबरावर टू-व्हील ड्राइव्हमध्ये दुसरा किंवा तिसरा गियर, ब्रेक ठरावीक वेळी घट्ट दाबून सोडायचा, सतत पाय ठेवायचा नाही. शेताच्या कच्च्या उतारावर लो रेंज. डांबरावर लो रेंज टाकू नका, पार्ट-टाइम फोर बाय फोरला मधला डिफरन्शियल नसतो, वळणावर ट्रान्सफर केस आवळली जाते.

हे सगळं करून ११ हजार किलोमीटर झाले. दिवाळीनंतर ड्रम उघडला तेव्हा आत तांबडी धूळ होती, तेल नव्हतं. घाटाखाली मोजलं तर पुढे २१०, मागे १५०. उजव्या हँडब्रेकची केबल मात्र आतून गंजलीय, ओढली की परत जायला वेळ घेते. ती पुढच्या आठवड्यात.